सुचत नाही आणि काढलेले पटत नाही: कला महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कला महाविद्यालयात फाउंडेशनच्या, म्हणजे पायाभूत वर्षाच्या, वर्गाला शिकवताना एक गोष्ट मी दरवर्षी पाहतो. दिवाळीची सुट्टी संपते, पहिली मोठी असाइनमेंट शेरे होऊन परत मिळते आणि एखादी विद्यार्थिनी तास संपल्यावर मागे रेंगाळते. ड्रॉइंग बोर्डाची क्लिप उगीच उघडझाप करत राहते आणि शेवटी विचारते, “सर, मी चुकीच्या ठिकाणी आले आहे का?” त्यानंतर येणारे प्रश्न बहुतेक तेच असतात. ते प्रश्न आणि माझी उत्तरे येथे सविस्तर लिहीत आहे, कारण तास संपल्यानंतरच्या दहा मिनिटांत ही उत्तरे नेहमी अर्धवट राहतात.

शाळेत माझ्या चित्रांचे सगळे कौतुक करायचे. कला महाविद्यालयात आल्यापासून स्वतःचे एकही चित्र पटत नाही. माझ्यातली कला संपली का?

संपलेली नाही. तुमचा डोळा हाताच्या पुढे गेला आहे, इतकेच घडले आहे.

शाळेत असताना तुम्ही एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिल्या असतील, कदाचित दोन्हींत ‘अ’ श्रेणीही मिळवली असेल. त्या परीक्षांनी स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन यांची ओळख करून दिली, ठरलेल्या वेळेत काम स्वच्छपणे पुरे करायची सवय लावली, आणि वर्गात तुमच्याइतके चांगले काढणारे दुसरे कोणी बहुधा नव्हते. फाउंडेशनला आल्यावर शेजारी बोर्ड लावून बसलेला प्रत्येक जण आपापल्या शाळेतला तसाच पहिला असतो. त्याच वेळी तुम्हाला ओळंबा धरून उभी रेष तपासायला, डोळे बारीक करून छायाप्रकाशाचे टप्पे वेगळे करायला आणि दोन वस्तूंमधल्या रिकाम्या जागेचा आकार पाहायला शिकवले जाते.

साध्या तांब्याचे उदाहरण घ्या. शाळेत तुम्ही त्याचे तोंड काढताना लंबवर्तुळाची दोन्ही टोके अणकुचीदार करत होता आणि बूड सरळ रेषेने संपवत होता. ते खटकत नव्हते, कारण ते दिसतच नव्हते. आता तुम्हाला कळते की लंबवर्तुळाला कोपरा नसतो, आणि तांब्या नजरेच्या खाली ठेवलेला असेल तर तोंडाचे वर्तुळ जितके चपटे दिसते त्यापेक्षा बुडाचे अधिक गोलसर दिसते. हे पाहायला शिकण्यास दोन-तीन महिने पुरतात. तीच वक्ररेषा खांद्यातून हात फिरवून एका दमात कागदावर उतरवायला मात्र वर्षे लागतात. या मधल्या काळात आपले प्रत्येक काम वाईट दिसते. ज्या विद्यार्थ्याला आपल्या तांब्यात काहीच खटकत नाही, त्याची मला अधिक काळजी वाटते.

मग ही आत्मटीका बंद करावी की करू नये?

बंद करू नये, तिची वेळ बदलावी. ती बंद करता येत नाही हा अनुभव सर्वांनाच आहे, आणि ती खरोखरच बंद झाली तर चित्र सुधारण्याचे साधनच हातातून जाईल. अडचण अशी आहे की रेष कागदावर टेकण्याच्या आधीच ती बोलू लागते.

माझ्या वर्गात एक विद्यार्थी पोर्ट्रेट करताना डावा डोळा काढत असे, खोडत असे, पुन्हा काढत असे. दीड तासाने मी त्याच्या मागे उभा राहिलो तेव्हा बाकीचा चेहरा कोराच होता. डोळ्याच्या जागी कार्ट्रिज कागदाची लव उठून तो भाग कापसासारखा मऊ झाला होता, आणि तेथे शिसाची रेष आता फक्त मळकट डाग उमटवत होती. मांडीवर खोडरबराचा भुगा साठला होता. त्याची नजर चुकीची नव्हती. डोळा खरोखरच जागेवर नव्हता. पण नाक, हनुवटी आणि कान कागदावर आल्याशिवाय डोळ्याची जागा ठरतच नाही, आणि त्याच्या मनातल्या परीक्षकाने त्याला तेथवर पोहोचूच दिले नाही.

मी त्याला जे सुचवले तेच सर्वांना सांगतो. पहिली वीस मिनिटे खोडरबर पिशवीतून बाहेर काढू नका. चुकलेली रेष तशीच राहू द्या आणि तिच्या शेजारी दुसरी ओढा. वीस मिनिटांनी उठा, बोर्ड भिंतीला टेकवा, आठ-दहा फूट मागे जा आणि चित्र उलटे करून पाहा किंवा आरशात पाहा. उलटे केले की तो चेहरा राहत नाही, केवळ आकार उरतात, आणि वाकडा गेलेला अक्ष लगेच लक्षात येतो. आता टीकेला मोकळेपणाने बोलू द्या, आणि ती बोलेल ते कागदाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून काढा.

लिहून काढल्यावर एक गोष्ट तपासता येते. “डावा खांदा वर चढला आहे”, “पार्श्वभूमी आणि केस यांचा टोन (गडद-फिकटपणा) एकच झाला आहे” ही वाक्ये चित्राविषयीची आहेत, आणि प्रत्येकावर हातातल्या पेन्सिलीने काहीतरी करता येते. “मला जमतच नाही”, “इतरांसारखे माझ्यात काही नाही” या वाक्यांवर पेन्सिलीने काहीही करता येत नाही. पहिल्या प्रकारची वाक्ये ठेवा. दुसऱ्या प्रकारच्या वाक्यापुढे स्वतःला विचारा, “चित्रात नेमके कुठे?” उत्तर सापडले तर ते वाक्य आपोआप पहिल्या प्रकारचे होते. सापडले नाही, तर त्या दिवशी ते वाक्य चित्राविषयी नव्हते. ते झोपेविषयी, भुकेविषयी किंवा घरून आलेल्या फोनविषयी असू शकते.

कोऱ्या कागदासमोर बसले की हात थबकतो. सुरुवात कशी करावी?

ही भीती नवशिक्यांपुरती नाही. प्रभाकर बरवे यांच्यासारख्या चित्रकाराने चित्रनिर्मितीच्या प्रक्रियेवर मराठीत पुस्तक लिहिले, त्याचे नावच ‘कोरा कॅन्व्हास’ आहे. त्यांनी वर्षानुवर्षे रोजनिशीत विचार आणि रेखाटने टिपली होती, म्हणजे मोठ्या कॅन्व्हासपाशी ते रिकाम्या हातांनी जात नव्हते, हे मला विद्यार्थ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे वाटते.

थबकण्याचे एक कारण अगदी व्यवहारातले असते आणि त्याविषयी कोणी बोलत नाही. जलरंगाचा चांगला कागद महाग असतो. घरून मोजके पैसे येणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनात हाफ इम्पिरियल आकाराचा मोठा कागद समोर ठेवताना तो वाया जाण्याचा हिशेब चालू असतो, आणि हिशेब करणारा हात मोकळा राहू शकत नाही. म्हणून महागाच्या कागदावर कधीही विचार करायला बसू नये. विचार रद्दी कागदावर, छापील पत्रकांच्या पाठीवर, जुन्या असाइनमेंटच्या मागे करावा. पोस्टकार्डाएवढ्या दहा-बारा चौकटी आखाव्यात आणि प्रत्येकीत एकच रचना दोन-तीन मिनिटांत, फक्त गडद, मध्यम आणि फिकट अशा तीन टोनमध्ये मांडावी. पहिल्या चार चौकटी बहुधा सगळ्यांच्या सारख्याच येतात, कारण त्या आधी पाहिलेल्या चित्रांतून येतात. पाचव्या-सहाव्या चौकटीपासून तुमचे काही दिसू लागते. पांढरेपणाचाच धाक वाटत असेल तर कागदावर यलो ऑकरचा, म्हणजे मातकट पिवळ्या रंगाचा, पातळ हात फिरवून वाळू द्या. आता तो कोरा राहिलेला नाही.

प्रेरणा कुठे शोधावी? माझ्या आयुष्यात चित्र काढण्यासारखे काही घडत नाही.

एक जागा निवडा आणि तेथे पुन्हा पुन्हा जा. प्रेरणेविषयी मला जे माहीत आहे त्यातले बरेचसे या एका वाक्यात येते, त्यामुळे ते जरा उलगडून सांगतो.

चित्रकार आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि कोल्हापूरला परतले. तेथे त्यांनी आपल्याच परिसरातली तळी, घाट आणि नदीकाठ पुन्हा पुन्हा रंगवला. कोल्हापूरच्या चित्रपरंपरेत त्यांचे जे स्थान आहे, ते कोणत्याही दूरच्या, अद्भुत विषयामुळे मिळालेले नाही. तेच पाणी सकाळी वेगळे, पावसाळ्यात वेगळे आणि ऊन कलल्यावर वेगळे दिसते, हे ते पाहत राहिले.

तुमच्यासाठी ती जागा एसटी स्टँड असेल, पुण्याची मंडई असेल, नाशिकचा गोदाघाट असेल किंवा वसतिगृहाचा जिना असेल. पहिल्या दिवशी तुम्हाला सर्वांना दिसते तेच दिसेल: गर्दी, रंग, गोंधळ. त्या दिवशी काढलेले चित्र बहुधा कॅलेंडरवरच्या चित्रासारखे होईल, आणि त्याला इलाज नाही. चौथ्या-पाचव्या खेपेला दृष्टी खाली उतरते. मंडईत सकाळी सातच्या सुमारास कोथिंबिरीच्या जुड्या ओल्या गोणपाटावर रचलेल्या असतात; त्या हिरव्याच्या शेजारी गोणपाटाचा तपकिरी रंग जांभळट भासतो, आणि विक्रेत्या मावशींचा हात पाणी शिंपडून मागे घेताना क्षणभर हवेत थांबतो. हे सारे पहिल्या दिवशीही तेथे होते. आता तुम्हाला हाताच्या त्या थांबण्यावर एक चित्र करावेसे वाटते, आणि लोक ज्याला प्रेरणा म्हणतात ती हीच.

वही लहान असावी, खिशात मावणारी. तिच्यात चित्रे चांगली असण्याची गरज नाही आणि ती कोणाला दाखवण्याचीही गरज नाही. रेषेबरोबर शब्दही लिहा: “सावली निळी नाही, विटकरी आहे.” रंग सोबत नसले तरी अशा टिपणावरून महिन्याभरानेही चित्र करता येते.

दुसरा स्रोत म्हणजे प्रत्यक्ष चित्रे पाहणे. मुंबईत जहांगीर कलादालनात प्रवेशासाठी पैसे लागत नाहीत, आणि राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय तेथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सातारा जिल्ह्यातील औंध येथे तेथील संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेल्या संग्रहालयात रविवर्म्यांची तैलचित्रे आहेत आणि ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचे शिल्पही आहे, आणि तरीही अनेक विद्यार्थी पदवी घेईपर्यंत तेथे एकदाही जात नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते. गेल्यावर सगळे पाहू नका. एकाच चित्रापुढे अर्धा तास उभे राहा आणि त्याची केवळ टोनची रचना वहीत उतरवा. मोबाइलवर चित्राचा आकार कळत नाही, रंगाचा थर कळत नाही, आणि चित्रकाराने कुठे हात राखून काम केले तेही कळत नाही.

दुसऱ्या चित्रकाराच्या कामावरून काढणे ही चोरी आहे का?

अभ्यास म्हणून काढणे चोरी नाही. स्वतःचे म्हणून मांडणे चोरी आहे. आपल्याकडचे याचे सर्वांत मोठे उदाहरण अजिंठ्याचे आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांना सोबत घेऊन लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकी एक, आणि पुढे व्यक्तिचित्रकार म्हणून त्यांनी नाव मिळवले. त्या प्रतिकृतींपैकी बऱ्याच लंडनमध्ये १८८५ साली लागलेल्या आगीत नष्ट झाल्या; उरलेल्या आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. गुहेतल्या अपुऱ्या उजेडात महिनोन्‌महिने एखाद्या आकृतीच्या मानेचा आणि बोटांचा बाक आपल्या हाताने उतरवणाऱ्या विद्यार्थ्याला रेषेविषयी जे कळले असेल, ते व्याख्यानातून कळणार नाही.

प्रतिकृती केली की खाली मूळ चित्रकाराचे नाव लिहावे आणि आपण त्यातून काय शोधत होतो तेही एका ओळीत लिहावे. पिंटरेस्टवरची चार चित्रे जोडून सबमिशन करणे मात्र या प्रकारात बसत नाही, कारण त्यात शोधलेले काहीच नसते.

इन्स्टाग्रामवर माझ्या वयाच्या मुलांचे काम पाहिले की पेन्सिल हातात घ्यावीशी वाटत नाही.

तेथे तुम्हाला दुसऱ्याचे निवडलेले काम दिसते, आणि त्याची तुलना तुम्ही स्वतःच्या न निवडलेल्या सगळ्या कामाशी करता. शंभर रेखाटनांतली एक त्याने टाकली आहे. तुमच्या शंभरही तुमच्या डोळ्यांसमोर आहेत. चित्रासाठी बसण्याआधीच्या तासाभरात फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि काम संपल्यावर पाहायचे असेल तर एकच प्रश्न मनात धरून पाहा, जसे की “जलरंगात पांढऱ्या भिंतीची सावली कोणी कशी केली आहे?” प्रश्न घेऊन पाहिले की तेच चित्र शिकवू लागते.

सरांनी सगळ्या वर्गासमोर माझ्या चित्राला नावे ठेवली. आता त्या तासाला बसावेसे वाटत नाही.

शिक्षक म्हणून मला हे लिहिणे भाग आहे की अनेकदा चूक शिक्षकाची असते. घाईत, तीस-पस्तीस बोर्डांपुढून जाताना, “हे काय केले आहे?” एवढेच म्हटले जाते. त्यात कसलीही सूचना नसते, केवळ नाराजी असते, आणि ती नाराजी विद्यार्थी वर्षभर सोबत वागवतो.

तरीही त्या शेऱ्यातून काम काढून घेता येते. दुसऱ्या दिवशी, वर्ग मोकळा असताना, तेच चित्र घेऊन जा आणि विचारा, “सर, यात सर्वांत आधी काय दुरुस्त करू?” किंवा “मॅडम, रचना चुकली आहे की टोन?” असा नेमका प्रश्न आला की बहुतेक शिक्षक नेमके उत्तर देतात, कित्येकदा स्वतः पेन्सिल घेऊन समासात लहानसे रेखाटन करून दाखवतात. ते रेखाटन जपून ठेवा. शेरा तुमच्या शरीराविषयी, भाषेविषयी, गावाविषयी किंवा जातीविषयी असेल तर तो चित्रावरचा शेरा नव्हेच. तो निमूटपणे सोसू नका, महाविद्यालयाच्या तक्रार निवारण समितीकडे लेखी तक्रार करा.

माझी स्वतःची शैली कधी तयार होईल?

शैली ठरवायला बसू नका. वासुदेव गायतोंडे आज अमूर्त चित्रांसाठी ओळखले जातात, पण १९४८ मध्ये जे. जे.मधून पदविका घेतलेल्या या चित्रकाराच्या सुरुवातीच्या कामात मानवाकृती आहेत आणि भारतीय लघुचित्रांचा प्रभावही आहे. पुढेही ते वर्षाला मोजकीच चित्रे करत. दुसऱ्या वर्षातल्या विद्यार्थ्याने शैलीची चिंता करणे म्हणजे बोलायला शिकण्याआधी आवाजाच्या पोताची चिंता करणे होय.

घरचे विचारतात, “चित्रे काढून पोट भरणार आहे का?” त्यामुळे प्रत्येक चित्र म्हणजे परीक्षाच वाटते.

आई-वडिलांचा प्रश्न काळजीचा आहे आणि त्याला माहिती देऊन उत्तर द्यावे: उपयोजित कलेतून जाहिरात, प्रकाशन आणि अॅनिमेशन या क्षेत्रांत काम मिळते, कलाशिक्षक पदविका केल्यास शाळेत शिकवता येते, वस्त्रकला आणि अंतर्गत सजावट यांचे वेगळे अभ्यासक्रम आहेत. हे उत्तर जेवणाच्या ताटावर एकदा नीट द्या. ते चित्रातून देऊ नका, कारण “यावर माझे भवितव्य ठरणार” या ओझ्याखाली कोणाचीच रेष मोकळी होत नाही. आणि घरी तयार चित्राऐवजी कधीतरी रेखाटनांची वही दाखवा. आजीच्या हातांची दहा रेखाटने पाहिल्यावर घरातले बोलणे बदललेले मी पाहिले आहे.

सबमिशन दोन दिवसांवर आहे आणि काहीच सुचत नाही.

नवीन कल्पना शोधू नका. वहीतले सर्वांत अलीकडचे रेखाटन घ्या, त्याच्या सहा लहान चौकटी करा, एक निवडा आणि सुरू करा. रात्रभर जागू नका. पहाटे दोननंतर टोन ओळखू येत नाहीत.

हे नेहमीचे खट्टू होणे नाही, असे कधी समजावे?

चित्र पटत नाही म्हणून वाईट वाटणे वेगळे, आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक, मित्रांशी बोलणे हे सगळेच मंदावणे वेगळे. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नका. विश्वासातल्या माणसाला सांगा, महाविद्यालयात समुपदेशक असल्यास त्यांना भेटा, किंवा शासनाच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सेवा चोवीस तास विनामूल्य असते आणि मराठीतून बोलता येते. दुःखात असल्याशिवाय चांगले चित्र होत नाही, असे वसतिगृहात कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नका. मी पाहिलेले उत्तम काम चांगली झोप झालेल्या लोकांनी केलेले आहे.

जुनी, वाईट वाटणारी चित्रे फाडून टाकावीत का?

फाडू नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी एका परीक्षकांनी माझ्या निसर्गचित्रांवर नजर टाकून, काही न बोलता, ती बाजूला सारली. त्याच संध्याकाळी मी दोन वर्षांचे सगळे काम सुतळीने बांधले आणि कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याला देऊन टाकले. पाचेक वर्षांनी शिकवायला लागलो तेव्हा मुलांना माझे सुरुवातीचे काम दाखवावेसे वाटले, आणि दाखवायला एकही कागद नव्हता. मी कुठून निघालो होतो हे आता मलाही नीट सांगता येत नाही.

म्हणून प्रत्येक कागदाच्या मागे, उजव्या कोपऱ्यात, तारीख आणि लागलेला वेळ लिहा. दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये सारे काम ठेवा, कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या टाका आणि तो गठ्ठा पलंगाखाली सरकवून द्या. सहा महिने उघडू नका. जूनमध्ये पहिल्या आठवड्यात तोच तांब्या, तसाच नजरेच्या खाली ठेवून पुन्हा काढा, आणि मग मागच्या वर्षीचा कागद काढून दोन्ही भिंतीला शेजारी-शेजारी टेकवा.